लॅपटॉप चार्जरवरून काढला की पाऊण तासात बंद. बॅटरी बदलू की सेटिंग चुकतंय?

बेदाण्याची वही (एप्रिल, सोमवार रात्री)

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यात कृष्णेच्या काठाला राहते. तासगावकडच्या काही बेदाणा शेडवाल्यांचे आणि गावातल्या तीन-चार बागायतदारांचे हिशेब मी घरातून बघते. सौद्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या), जीएसटीची बिलं, मजुरांची हजेरी, सगळं एकाच लॅपटॉपवर आहे. साडेतीन वर्षं झाली घेऊन. विंडोज 11 आहे.

नवा होता तेव्हा लाइट गेली तरी चार-साडेचार तास काम निघायचं. आता चार्जर काढला की पाऊण तास, तोही कसाबसा. त्याहून वाईट म्हणजे बॅटरी 25-26 टक्के दाखवत असते आणि एकदम स्क्रीन काळी होते. सूचना नाही, काही नाही. गेल्या आठवड्यात सौद्याच्या दिवशी चाळीस पट्ट्यांच्या नोंदी अशाच गेल्या. रात्री दोनपर्यंत बसून परत केल्या.

तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. दुकानवाला म्हणतो बॅटरी बदला. चुलत दीर म्हणतात सतत चार्जिंगला लावल्यामुळं गेली, आता रोज शून्यावर आणून पुन्हा 100 करत जा. मैत्रीण म्हणते सेटिंगमध्ये बचत चालू कर, होईल नीट. कुणाचं ऐकू? पैसे घालायची तयारी आहे, पण चुकीच्या जागी घालायचे नाहीत.

प्रीतिसंगम

ताई, आज काहीच विकत घेऊ नका. आधी मोजा. कराडला चौदा वर्षं लॅपटॉप उघडतोय, आणि बॅटरी बदलून नेलेल्या लोकांपैकी कितीतरी जण महिन्याभरात "अजून तसंच आहे" म्हणत परत आलेले बघितलेत. कारण दुखणं एक नसतं.

विंडोज स्वतःच बॅटरीचा उतारा काढून देते, सातबाऱ्यासारखा. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथं इंग्रजीत पॉवर हा शब्द आणि त्याला चिकटून सी, एफ, जी ही तीन अक्षरं लिहा. मग एक स्पेस, तिरकी रेघ, आणि रेघेला चिकटून बॅटरी रिपोर्ट हे दोन शब्द मध्ये जागा न सोडता. एंटर मारलं की फाइल कुठं ठेवली ते तिथंच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडा.

त्यात वरच्या भागात डिझाइन कपॅसिटी, फुल चार्ज कपॅसिटी आणि सायकल काउंट हे तीन आकडे असतात. ते इथं टाका. खाली बॅटरी युसेज म्हणून तक्ता आहे. त्यात किती मिनिटांत किती मिलिवॉट-तास गेले ते लिहिलेलं असतं. त्यातली एक ओळ द्या, म्हणजे लॅपटॉप किती वीज ओढतो ते कळेल.

बेदाण्याची वही

निघाली फाइल. एवढं सगळं आत लिहून ठेवलेलं असतं हे माहीत नव्हतं.

डिझाइन कपॅसिटी 42,000. फुल चार्ज 22,700. सायकल काउंट 96. आणि परवाची एक ओळ: 40 मिनिटांत 14,000 गेले.

साडेतीन वर्षांत फक्त 96 सायकल? म्हणजे बॅटरी वापरलीच नाही म्हणायचं. मग निम्मी गेली कशी?

अजिंक्यताऱ्याचा पायथा

ताई, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. साताऱ्यात पदविकेच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो.

लिथियम-आयन बॅटरी दोन रीतींनी झिजते. एक वापरून. 100 टक्के वीज बाहेर गेली की एक सायकल मोजली जाते, मग ती एका बैठकीत जावो की चार दिवसांत थोडी थोडी. साध्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या 300 ते 500 सायकलींनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या आसपास येतात. तुमच्या 96 सायकली म्हणजे त्या मानाने काहीच नाही.

दुसरी झीज नुसत्या बसण्याने होते. तुमचा घात तिने केला आहे. पूर्ण भरलेल्या सेलवर सुमारे 4.2 व्होल्टचा दाब असतो. निम्म्या भरलेल्या सेलवर तो 3.7-3.8 च्या घरात असतो. दाब जास्त आणि वर उष्णता असली की आतल्या द्रावणाची आणि इलेक्ट्रोडची नको ती रासायनिक क्रिया वेगाने चालते, आणि कामाचे लिथियम त्यात कायमचे अडकून पडते. एक ढोबळ हिशेब सांगतो. बॅटरी 40 टक्के भरून 25 अंशांत वर्षभर ठेवली तर 96 टक्क्यांच्या आसपास क्षमता उरते. तीच 100 टक्के भरून 40 अंशांत ठेवली तर 65 टक्के.

आता मला सांगा, लॅपटॉप कुठे ठेवता? खोलीवर पत्रा आहे का? आणि चार्जर रात्रंदिवस लावलेला असतो का?

बेदाण्याची वही

सर, पत्राच आहे. माळ्यावरची खोली. एप्रिल-मेमध्ये दुपारी टेबलाला हात लावला तरी चटका बसतो. आणि चार्जर सतत लावलेला असतो, लाइट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून. बॅटरी कायम 100 ला राहावी, ऐनवेळी उपयोगी पडावी, ह्या काळजीपोटीच लावून ठेवायचे.

म्हणजे ज्या काळजीनं जपलं तिनंच गेली.

अजिंक्यताऱ्याचा पायथा

मनाला लावून घेऊ नका, जवळजवळ प्रत्येक घरात हेच होते. तुमच्या दिरांचे निदान अर्धे बरोबर आहे, उपाय मात्र उलटा. लॅपटॉप 100 ला पोचला की चार्जिंग आपोआप थांबते आणि मशीन अ‍ॅडॉप्टरवर चालते. "जास्त भरून फुटेल" असे होत नाही. नुकसान होते ते भरलेल्या अवस्थेत तापत पडल्याने. आणि रोज शून्यावर आणणे हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन बाजारात आणली, तिला ही सवय लागूच नाही. उलट तळापर्यंत उपसल्याने ती दमते. दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण भरून खाली उतरवावी, तीही बॅटरीच्या भल्यासाठी नाही, टक्के मोजणारे गणित ताळ्यावर यावे म्हणून.

25 टक्क्यांवर अचानक बंद होण्याचे कारणही यातच आहे. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. मशीनने जोरात वीज ओढली की सेलचा व्होल्टेज क्षणात खाली बसतो आणि सुरक्षेचे सर्किट वीज तोडते. विहिरीत पाणी असते, पण मोटर मोठी असली की झऱ्याला पुरवता येत नाही आणि फूटव्हॉल्व्ह हवा ओढायला लागतो. तसेच.

प्रीतिसंगम

सरांनी रोग सांगितला, मी ओढीचं बोलतो. 40 मिनिटांत 14,000 म्हणजे ताशी 21,000 मिलिवॉट-तास. म्हणजे तुमचा लॅपटॉप 21 वॉट ओढतोय. हिशेबाच्या कामाला हे फार झालं. नीट लावलेल्या साध्या लॅपटॉपला अशा कामाला 8 ते 10 वॉट पुरतात. म्हणजे क्षमता निम्मी आणि ओढ दुप्पट. नुसती बॅटरी बदलली असती तर नव्या बॅटरीलाही दोनच तास मिळाले असते, आणि तुम्ही दुकानदाराला बोल लावला असता.

आता एकेक बघा. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी. तिथं पॉवर मोड आहे. बहुतेक बेस्ट परफॉर्मन्सवर असणार. बॅटरीवर असताना बेस्ट पॉवर एफिशियन्सी करा. त्याच पानावर बॅटरी युसेज उघडलं की कुठलं अ‍ॅप किती खातं ते दिसतं. ते बघून इथं सांगा. स्क्रीनचा उजेड पूर्ण असेल तर निम्म्यावर आणा. स्क्रीन हा लॅपटॉपमधला मोठा खादाड. आणि स्क्रीन बंद व्हायची वेळ बॅटरीवर 3 मिनिटं ठेवा. पट्टी शोधायला उठलं की तेवढीच बचत.

माणदेशी

आटपाडीहून. उष्णतेचं सगळं पटलं, पण एक शंका आहे. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. पुण्या-मुंबईच्या लोकांना ते ठीक आहे. आमच्याकडं वळवाचा पाऊस आला, वाऱ्यानं फांदी तारेवर पडली, की चार-पाच तास लाइट येत नाही. तेव्हा ते 20 टक्के मला हवे असतात. बॅटरी दहा वर्षं टिकून काय करू, ज्या दिवशी लागते त्या दिवशी कमी पडली तर?

अजिंक्यताऱ्याचा पायथा

रास्त प्रश्न. हिशेबच मांडू. 42 वॉट-तासांची नवी बॅटरी, ओढ साडेनऊ वॉट. 100 टक्क्यांवर जवळपास 4 तास 25 मिनिटे. 80 वर साडेतीन तास. म्हणजे त्यागाची किंमत पाऊण-एक तास. आणि 100 वर तापत ठेवलेल्या बॅटरीची साडेतीन वर्षांनी काय गत झाली ते ताईंच्या आकड्यात दिसते आहे: 54 टक्के. तिसऱ्या उन्हाळ्यात 80 ची मर्यादा लावलेली बॅटरीच तुम्हाला जास्त वेळ देईल.

शिवाय घरात इन्व्हर्टर आहे का? 12 व्होल्ट, 150 एएचची साधी बॅटरी म्हणजे कागदावर 1,800 वॉट-तास. त्यातले निम्मेच वापरायचे ठरवले आणि वाटेत काही गळाले धरले, तरी लॅपटॉप आणि राऊटर यांना मिळून 30 वॉट दिवस-दिवस मिळतात. इन्व्हर्टर असलेल्या घरात लॅपटॉपच्या बॅटरीचे काम एवढेच, की लाइट जाऊन इन्व्हर्टर पकडेपर्यंतचा क्षण सांभाळायचा. त्याला 80 काय, 60 सुद्धा पुरतात.

माणदेशी

इन्व्हर्टर आहे. असा विचार केला नव्हता. लावतो मर्यादा. कुठं असते ती?

प्रीतिसंगम

विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये शोधू नका, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारं मशीनचं मूळ सेटिंग) असते. लेनोव्होत व्हँटेज अ‍ॅपमध्ये कॉन्झर्वेशन मोड. आसूसमध्ये मायआसूस. एचपीत बऱ्याच मॉडेलना बायोसमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजर. डेलमध्येही बायोसमध्ये चार्जिंगचे पर्याय असतात, त्यात कायम चार्जरवर असणाऱ्यांसाठी वेगळा आहे. एसरचं केअर सेंटर. फार जुन्या मॉडेलात नसतं. तिथं हातानं: दुपारी काम नसेल तर चार्जर काढून ठेवा आणि मशीन थंड खोलीत.

हरिपूरचा पार

मी संगणकातला नाही, निवृत्त माणूस. पण ह्या धाग्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

2019 च्या ऑगस्टात महापुरात आम्ही नातेवाइकांच्या वरच्या मजल्यावर अडकलो होतो. खाली पाणी, लाइट नाही. इन्व्हर्टर खालच्या जिन्याखाली होता, तो पहिल्याच रात्री पाण्यात गेला. मोबाइल एकेक करून बंद पडले. नातीचा लॅपटॉप तेवढा होता. त्याच्या यूएसबीतून आम्ही दोन दिवस एकच साधा फोन जगवला, तोही दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं चालू करून. बोटवाल्यांशी त्याच्यावरून बोलणं झालं. तो लॅपटॉप त्या दिवशी पूर्ण भरलेला होता म्हणून.

त्यामुळं सरांचं 80 मला उन्हाळ्यापुरतं मान्य आहे. पावसाळ्यात नाही. आमच्याकडं सगळ्यांचं लक्ष सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीवर असतं. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. माझं म्हणणं असं, की कोयनेतून विसर्ग वाढला, आयर्विनला पाणी चढायला लागलं, की मर्यादा काढून 100 करून ठेवायची. आणि इन्व्हर्टर जिन्याखाली ठेवू नका. काठावरच्या माणसानं तरी नाहीच.

अजिंक्यताऱ्याचा पायथा

काका, तुमचे म्हणणे माझ्यापेक्षा बरोबर आहे आणि मी ते मान्य करतो. आठ-पंधरा दिवस 100 ठेवल्याने बॅटरीचे फारसे बिघडत नाही, तेही पावसाळी हवेत. वर्षानुवर्षे पत्र्याखाली ठेवल्याने बिघडते. यूएसबीतून फोन जगवायचा तर लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण बंद ठेवावी. काही मशीनवर झोपेतही एका विशिष्ट यूएसबीतून वीज मिळते, त्याची सोय बायोसमध्ये असते. ती पावसाळ्याआधी करून ठेवा, अंधारात शोधू नका.

खंबाटकीपार

माझा त्रास वेगळा आहे, पण इथंच विचारते. दर सोमवारी सातारा-पुणे एसटीने जाते. रात्री 90 टक्के बॅटरी असताना झाकण मिटवून बॅगेत ठेवते. सकाळी घाट ओलांडेपर्यंत बॅग पाठीला गरम लागते, आणि ऑफिसात उघडला तर 30 टक्के. झाकण मिटवल्यावर झोपतो ना तो?

प्रीतिसंगम

पूर्ण झोपत नाही, हेच दुखणं आहे. आधीच्या लॅपटॉपची झोप गाढ असायची, फक्त मेमरी जागी. आताच्या बऱ्याच मशीनमध्ये मॉडर्न स्टँडबाय आहे, मोबाइलसारखी कुत्र्याची झोप. मेल येतं, अपडेट उतरतं, जरा खुट्ट झालं की जागं. बंद बॅगेत हवा खेळत नाही, म्हणून तापतं. आणि तापलं की सरांनी सांगितलेली झीज.

तुमच्या मशीनची झोप कुठली ते बघायला त्याच काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, स्पेस, तिरकी रेघ आणि ए. उपलब्ध असलेल्या झोपांच्या वरच्या यादीत एस-झिरो लो पॉवर आयडल असं आलं तर कुत्र्याची झोप. खालच्या, उपलब्ध नसलेल्यांच्या यादीत आलं तर नाही.

उपाय हायबरनेट. उघडी असलेली सगळी कामं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, बॅटरी जवळजवळ खात नाही, चालू केलं की सगळं होतं तसं. पॉवरच्या मेन्यूत ते बहुतेक दिसणार नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, डावीकडं "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू". वर एक निळी ओळ असते, चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल, ती दाबा आणि खाली हायबरनेटला टिक. त्याच पानावर झाकण मिटल्यावर काय करायचं तेही ठरतं. बॅटरीवर असताना हायबरनेट, चार्जरवर असताना स्लीप असं ठेवा.

खंबाटकीपार

केलं. पुढच्या सोमवारी सांगते.

मिरजेची बाई

शाळेत शिकवते. सगळं वाचत होते. माझ्या लॅपटॉपचा टचपॅड हल्ली वर आल्यासारखा वाटतो, क्लिक नीट बसत नाही आणि टेबलावर ठेवला की एक कोपरा डुलतो. बॅटरी मात्र दीड तास चालते. याचा सेटिंगशी काही संबंध आहे का?

प्रीतिसंगम

बाई, सेटिंग राहू द्या. आत्ता बंद करा, चार्जर काढा, आणि परत लावू नका. बॅटरी फुगली आहे. आतल्या वायूनं पाकीट फुगतं आणि टचपॅड वर ढकलतं. किती वेळ चालते त्याला आता अर्थ नाही. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोकदार वस्तू लावू नका, अंथरुणावर किंवा कपाटात ठेवू नका. फरशीवर, उघड्या जागी ठेवा आणि उद्या सकाळी जाणत्या माणसाकडून काढून घ्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. गाडीत दाबली गेली की पेट घेते. 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, दुकानात देऊन टाका.

मिरजेची बाई

बंद केला. सकाळी नेला, उघडल्यावर आतली बॅटरी उशीसारखी झाली होती. काढली. आता बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतोय. मनापासून आभार. मुलगी त्याच लॅपटॉपवर पांघरुणात बसून अभ्यास करते हो.

विट्याचा लिनक्सवाला

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: टीएलपी हे वीज वाचवणारं सॉफ्टवेअर बसवा, त्यात थिंकपॅड आणि इतर काही मशीनना चार्जिंग सुरू आणि बंद करायच्या मर्यादा लावता येतात. मी 40 आणि 80 ठेवल्यात. ओढ बघायला पॉवरटॉप. तसंच काम करणारं दुसरं पॉवर-प्रोफाइल्स-डिमन आधीच असेल तर दोन्ही एकदम चालवू नका, एकमेकांच्या पायात येतात.

बेदाण्याची वही (दहा दिवसांनी)

मंडळी, सगळं एकेक करून केलं. सांगते.

पॉवर मोड खरंच बेस्ट परफॉर्मन्सवर होता. कुणी केला माहीत नाही. उजेड 100 वरून 45 वर आणला. बॅटरी युसेजमध्ये वर दोन गोष्टी निघाल्या: ब्राउझर, त्यात माझ्या 27 टॅब उघड्या होत्या. आणि अँटिव्हायरस, जो रोज दुपारी दोनला पूर्ण तपासणी करत होता. नेमकी आमची लाइट जायची वेळ. तो रात्री नऊला केला. सुरू होताना आपोआप चालू होणारी तीन अ‍ॅप बंद केली. तीही मी कधी वापरत नव्हते.

आता ओढ साडेनऊ वॉट. बॅटरी तीच, निम्मी झालेली. पण पाऊण तासाऐवजी दोन तास चालली. आणि गंमत म्हणजे 26 वर बंद पडत होती ती आता 14 पर्यंत गेली.

अजिंक्यताऱ्याचा पायथा

मोटर लहान केली, म्हणून झऱ्याला पुरवता आले. ताई, एक काम राहिले आहे आणि तुमच्या पट्ट्या वाचवायच्या तर तेच सर्वांत गरजेचे. पॉवर ऑप्शन्समधून प्लॅनचे अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग उघडा, शेवटी बॅटरी म्हणून भाग आहे. त्यात क्रिटिकल बॅटरी लेव्हल म्हणजे कितीवर आल्यावर मशीनने स्वतःला बंद करून घ्यायचे. ती 5 च्या आसपास असते. तुमची बॅटरी 14 वर मरते, म्हणजे 5 ची पाळी कधी येतच नाही, आणि म्हणून सूचनाही मिळत नाही. ती 20 करा. क्रिटिकल अ‍ॅक्शन हायबरनेट. आणि लो बॅटरी लेव्हल 28, म्हणजे आधी हाक मारेल. 20 ला सगळी कामं डिस्कवर लिहून शांतपणे बंद होईल.

आणि त्याच यादीत प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट दिसत असेल तर बॅटरीवर मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट 99 करा. एका टक्क्याचा फरक दिसतो, पण इंटेलच्या बहुतेक मशीनमध्ये त्याने टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि उष्णता चांगली उतरते. मॉडर्न स्टँडबायच्या बऱ्याच मशीनवर हा पर्याय लपवलेला असतो. नाही दिसला तर सोडून द्या.

यार्डातला

सांगलीला मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात संगणकाचं काम बघतो. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून. आमच्या लॅपटॉपचा पंखा सहा महिन्यांनी उघडला तर जाळीवर पिवळा थर, नमद्यासारखा. हळदीची धूळ बारीक आणि तेलकट, चिकटून बसते. साफ केल्यावर पंख्याचा आवाजच गेला आणि तळहाताला जाणवणारी उष्णता कमी झाली. ताई बेदाण्याच्या शेडला लॅपटॉप नेत असतील तर तिथं गंधकाची धुरी देतात, धूळ असते, तिकडंही बघा. फुंकर मारून होत नाही. उघडूनच करावं लागतं.

खंबाटकीपार

सोमवारचं सांगायचं राहिलं. रात्री 90, सकाळी ऑफिसात 89. बॅग गार.

बेदाण्याची वही (जून)

शेवटी बॅटरी बदलली, पण मोजून, आणि मनात शंका न ठेवता. पंखाही साफ केला. खरं सांगायचं तर पहिली बॅटरी फसवी निघाली. स्वस्तातली, कंपनीसारखीच दिसणारी. अहवालात डिझाइन कपॅसिटी 42,000 च दाखवत होती, पण साडेनऊ वॉटला अडीच तासांत संपली. प्रीतिसंगम दादांनी आधीच बजावलं होतं, की आकड्यावर विश्वास न ठेवता घड्याळ लावून एकदा पूर्ण उतरवून बघा आणि पावती जपा. पावती होती म्हणून परत झाली. दुसरी घेतली ती कंपनीची, उत्पादनाची तारीख बघून, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीसुद्धा म्हातारी होत असते. घड्याळ लावून चार तास दहा मिनिटं.

लॅपटॉप आता खालच्या सोप्यात असतो. माळ्यावर उन्हाळ्यात नेत नाही. मर्यादा 80. इन्व्हर्टरचं पाणी बघितलं, डिस्टिल्डच घातलं. सासऱ्यांनी विचारलं जिन्याखालून वर का हलवताय, तर हरिपूरच्या काकांचं सांगितलं. त्यांनीच दोन माणसं बोलावून वर ठेवून दिला.

प्रीतिसंगम

ताई, नव्या बॅटरीचा अहवाल आजच्या तारखेनं काढून जपून ठेवा. पुढच्या जूनला परत काढा. दोन्ही शेजारी ठेवले की पत्र्याखालच्या आणि सोप्यातल्या उन्हाळ्यातला फरक तुम्हालाच दिसेल.

हरिपूरचा पार (ऑगस्ट)

धागा वर आणतोय. चार दिवस घाटमाथ्यावर पाऊस थांबलेला नाही, कोयनेतून विसर्ग वाढवलाय. आयर्विनला पाणी 37 फुटांवर आहे आणि चढतंय. काठावरच्यांनी आज रात्री मर्यादा काढून लॅपटॉप, पॉवर बँक, बॅटऱ्या सगळं भरून घ्या. वर ठेवा.

बेदाण्याची वही

काढली काका. 93 झालीय, तासाभरात होईल. राऊटरची छोटी बॅटरीही लावली. हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधली. तुमच्याकडं पाणी कुठवर आलंय?

हरिपूरचा पार

अजून घाटाच्या पायऱ्यांवर आहे. नातीनं लॅपटॉप 100 करून माझ्या उशाशी आणून ठेवलाय.